विधीची पुनरावृत्ती आणि लग्नाचा फोटोग्राफर

विवाहविधीत साक्षी कोणाला म्हणावे, हा प्रश्न धर्मशास्त्राला नवा नाही. अग्नी, देव आणि जमलेले आप्तेष्ट यांच्या समक्ष दिलेले वचन बांधून ठेवते, कारण ते पाहणारे आणि ऐकणारे उद्या त्याचा जाब विचारू शकतात. कोल्हापुरातल्या मंगल कार्यालयांत या साक्षींच्याही पुढे, बोहल्याला अगदी लागून, फोटोग्राफर उभा असतो, आणि सगळे पाहूनही कशातच न पडणारा अशी त्याची भूमिका सर्वांनी, त्याने स्वतःही, गृहीत धरलेली असते. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतील एकोणिसाव्या कारिकेत पुरुषाची, म्हणजे प्रकृतीहून वेगळ्या शुद्ध चैतन्याची, जी लक्षणे दिली आहेत, त्यांत साक्षित्वाबरोबरच माध्यस्थ्य, म्हणजे तटस्थता, आणि अकर्तृभाव, म्हणजे स्वतः काहीही न करणे, ही येतात. घटनेला वळण देणारा द्रष्टा या दर्शनात साक्षी उरतच नाही. ‘गुरुजी, जरा थांबा’, ‘हार परत घाला’, ‘इकडे बघा’ असे सांगणाऱ्याला ही कसोटी लावली की तो उघडपणे कर्ता ठरतो.

कोल्हापुरात याचे नवल वाटण्याचे कारण नाही. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता कॅमेरा बनवण्याचा ध्यास घेतला, १९१६ मध्ये आनंदराव गेल्यावर बाबूरावांनी ते काम पुरे केले आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. दृश्य नुसते टिपायचे नसते, ते आधी रचायचे असते, हे या शहराच्या अंगवळणी पडून शंभर वर्षे झाली.

खरी अडचण पुनरावृत्तीची आहे, आणि तिच्यावर मीमांसकांइतका बारीक विचार क्वचितच कोणी केला असेल. पूर्वमीमांसेत कर्माचे प्रयोजन दोन प्रकारचे मानतात: डोळ्यांना दिसते ते दृष्ट, आणि विधी यथासांग झाल्याने उत्पन्न होते पण दिसत नाही ते अदृष्ट. यज्ञातल्या पुरोडाशासाठी, म्हणजे आहुतीच्या पोळीसाठी, भात कांडण्याला अवघात म्हणतात. तूस निघून तांदूळ मोकळा होणे हे त्याचे दृष्ट फळ असल्यामुळे ते हाती येईपर्यंत मुसळ पुन्हा पुन्हा पडलेच पाहिजे, पण जिथे कांडण्याचे दिसणारे प्रयोजनच नाही, तिथे एकदा केले की शास्त्राची आज्ञा पुरी होते. फोटोसाठी परत घातलेला हार पहिल्या जातीचा आहे. उजेड नीट पडेपर्यंत तो तीनदा घातला तरी चालेल, कारण त्याचे फळ अल्बममध्ये दिसायचे आहे, आणि म्हणूनच तो विवाहाचे अंग नव्हे. सप्तपदीची गोष्ट निराळी. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे सातवे कलमही, जिथे हा विधी आहे तिथे, सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण झाला असे मानते. त्यानंतर कॅमेऱ्यासाठी पुन्हा चाललेल्या पावलांना ना कायद्यात जागा आहे ना शास्त्रात. उपद्रव होतो तो पहिलेच पाऊल अडवले गेले म्हणजे, किंवा मुहूर्तावर दूर व्हायचा अंतरपाट लेन्स बदलेपर्यंत धरून ठेवला म्हणजे. लोक हसतात ते नकली दुसऱ्या हाराला. धर्मदृष्ट्या आक्षेप घ्यायचा तर तो खरा पहिला हार रोखून धरण्यावर घ्यायला हवा.

याच फोटोग्राफरला अन्य प्रकारच्या लग्नांचीही बोलावणी असतात. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेला आणि शाहू महाराजांच्या पाठबळाने १९११ मध्ये कोल्हापुरात पुन्हा उभा राहिलेला सत्यशोधक समाज पुरोहितच दूर सारतो. तिथे वधूवरांची प्रतिज्ञा आणि ती ऐकणारा समाज एवढेच भांडवल असते. निकाहातही ईजाब आणि कबूल, म्हणजे प्रस्ताव आणि स्वीकार, हे शब्द साक्षीदारांच्या कानांवर पडावे लागतात, आणि तिथे प्रतिमा काढण्याविषयीच धर्मपंडितांत मतभेद आहेत. दोन्हीकडे भर ऐकण्यावर आहे. स्थिर छायाचित्र या बाबतीत मुकेच राहते. ते पुरावा म्हणून दाखवता येईल, पण उलटतपासणीला त्याला उत्तर देता येणार नाही.

इतके झाल्यावर हा विचार जिथे अडतो ती जागा लग्नाबाहेरची आहे. घरातले माणूस गेले की तेराव्यापर्यंत भिंतीवर लावण्याजोगा फोटो हवा असतो, आणि ज्येष्ठांचा एकट्याचा चांगला फोटो बहुधा नसतोच. मग कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बममधला ग्रुप फोटो स्टुडिओत येतो, शेजारच्याचा खांदा पुसला जातो, चेहरा मोठा करून त्यामागे निळसर पार्श्वभूमी भरली जाते. शास्त्राप्रमाणे मूर्तीत देवत्व येण्यासाठी प्राणप्रतिष्ठा करावी लागते. या फोटोला ती कोणी करत नाही, तरी हळदकुंकू वाहिले जाते आणि नैवेद्याचे ताटही त्याच्यापुढे ठेवले जाते. ‘इकडे बघा’ म्हटल्यावर वळलेली ती नजर विवाहाचे अंग नव्हती, निव्वळ दृष्टार्थ होती. श्राद्धाच्या दिवशी घरचे लोक हात जोडतात ते मात्र तिलाच, आणि तिला कोणत्या प्रयोजनाखाली घालावे याचे सरळ उत्तर अवघाताच्या न्यायात सापडत नाही.