चढण आणि पुरुषार्थ

श्रम हलके करून घेण्यानें मनुष्याच्या पुरुषार्थास उणेपणा येतो काय? फ्रान्समधील सायकल-प्रवासाच्या इतिहासांत या प्रश्नावर एक वाद झालेला आहे. सेंत-एतियेन शहराजवळ पिला डोंगरांत ११६१ मीटर उंचीची एक खिंड आहे. ‘मोठें रान’ असेंच तिचें एक नांव. तेथील सूचिपर्णी झाडींतून सायकलीनें हिंडणारे पॉल द व्हिवी (१८५३–१९३०) ऊर्फ व्हेलोसियो यांचें म्हणणें असें कीं, चढ लागतांच पायांवरील भार कमी करणारा गिअर लावतां आला पाहिजे. ‘तूर द फ्रान्स’ शर्यतीचे जनक आंरी देग्रांज यांस ही सोय पंचेचाळिशी उलटलेल्यांनाच शोभणारी वाटे. शर्यतींत गिअर बदलण्याच्या यंत्रास मुभा मिळाली ती १९३७ सालीं.

देग्रांज यांचा पक्ष अगदींच टाकाऊ नाहीं. शर्यतींत बळाची परीक्षा हेंच साध्य असतें. परंतु प्रवाशाचें साध्य निराळें. छाती फुटेपर्यंत पायडल मारणाऱ्यास पुढच्या चाकापलीकडे कांहीं दिसत नाहीं. रान दोहों बाजूंस व्यर्थच उभें असतें. मग मोटारीनेंच कां जाऊं नये? कारण तींत श्रमांबरोबर रानाचा सहवासहि सुटतो. ज्या युक्तीनें श्रम घटतात पण सहवास टिकतो, ती निर्दोष मानावी. आजच्या विजेच्या सायकलीसहि मी हीच कसोटी लावीन. म्हातारपणीं तिच्यावर बसून खिंड गांठणाऱ्यास हिणविण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. मात्र पाय अजून धड असतांना तिच्यावर बसावें कीं नाहीं, याचा जबाब ज्यानें त्यानें स्वतःशींच द्यावा.