मक्तेदारीची मुदत : हैदराबाद आणि भारतातील पेटंट-विचार

पेटंट म्हणजे सरकारने संशोधकाला ठरावीक मुदतीपुरती दिलेली मक्तेदारी. त्या बदल्यात संशोधकाने आपला शोध लिहून उघड करायचा आणि मुदत संपली की तो सर्वांना खुला व्हायचा. किती वर्षांची मक्तेदारी द्यायची, कशावर द्यायची आणि गैरवापर झाला तर ती कशी काढून घ्यायची, हे प्रत्येक देश आपल्या गरजेप्रमाणे ठरवत आला. भारतात या प्रश्नांची उत्तरे वेळोवेळी बदलली. स्वातंत्र्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक बदलाचा परिणाम सर्वांत ठळक दिसला तो हैदराबादच्या औषध कारखान्यांत.

भारतातला पहिला पेटंट कायदा १८५६ चा. त्याखाली पहिला अर्ज केला कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग यांनी, पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी. साहेबाच्या डोक्यावरचा पंखा माणसाऐवजी यंत्राने ओढावा, ही त्या काळची तंत्रज्ञानाची ताजी बातमी. इंग्लंडच्या राणीची पूर्वसंमती घेतलेली नव्हती म्हणून तो कायदा पुढच्याच वर्षी रद्द झाला आणि १८५९ मध्ये नव्याने आला. १९११ च्या कायद्याने ही व्यवस्था पक्की केली आणि पुढे मक्तेदारीची मुदत सोळा वर्षे झाली. या साऱ्यामागे देशी संशोधकाला उत्तेजन द्यायचा हेतू फारसा नव्हता. ब्रिटिश मालकाचा माल भारतीय बाजारात निर्धास्त विकला जावा, एवढी सोय मात्र चोख झाली.

स्वातंत्र्य मिळाल्यावर दोन न्यायाधीशांनी या कायद्याची झाडाझडती घेतली. बक्षी टेकचंद समितीने १९४८ ते १९५० या काळात, आणि न्यायमूर्ती एन. राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ च्या अहवालात. अय्यंगारांचा अहवाल आजही वाचावा असा आहे, कारण त्यात घोषणा नाहीत, हिशेब आहे. भारतातील ऐंशी ते नव्वद टक्के पेटंटे परकीयांच्या नावावर होती आणि त्यातली नव्वद टक्क्यांहून अधिक देशात वापरलीच जात नव्हती. म्हणजे कारखाना परदेशात, माल आयातीचा, आणि दुसऱ्या कोणी तो इथे बनवायचा म्हटले तर कायदा आडवा. त्यामुळे अय्यंगारांनी जर्मनीकडे पाहिले. जर्मनीने १८७७ च्या कायद्यात रासायनिक पदार्थावर पेटंट दिलेच नाही, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर दिले. एकच रंगद्रव्य दुसऱ्या वाटेने बनवायला सगळे मोकळे राहिले आणि जर्मन रसायन उद्योग जगाच्या पुढे गेला. औषधाच्या पदार्थावर पेटंट द्यायला जर्मनीने १९६८ साल उजाडू दिले. स्वित्झर्लंडने १९७७ आणि इटलीने १९७८ पर्यंत वाट पाहिली. पुढे भारताला बौद्धिक संपदेचे धडे देणाऱ्या देशांत हेच देश होते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

अमेरिकेच्या सेनेटमधील केफॉव्हर समितीने १९६१ च्या सुमारास औषधांच्या किमती तपासल्या. तेव्हा काही औषधांच्या किमती भारतात जगात सर्वांत जास्त असल्याचे तिच्या लक्षात आले. तरीही नवा कायदा व्हायला आणखी दशक गेले. पेटंट अधिनियम १९७० साली संमत झाला आणि २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. अन्न, औषधे आणि रसायने यांच्या बाबतीत पेटंट फक्त प्रक्रियेवर मिळेल, पदार्थावर नाही, असे त्यात ठरले. औषधाच्या प्रक्रियेची मक्तेदारी मंजुरीपासून पाच किंवा अर्जापासून सात वर्षे, यातली जी मुदत आधी संपेल तेवढीच. इतर शोधांना चौदा वर्षे.

कायदा वाट मोकळी करतो, पण त्या वाटेवर चालणारी माणसे कायद्याने तयार होत नाहीत. ती माणसे हैदराबादेत होती आणि ती सरकारी पैशाने घडलेली होती, ही गोष्ट या इतिहासात हमखास विसरली जाते. निजामाच्या राजवटीत १९४४ मध्ये तिथे शास्त्रीय व औद्योगिक संशोधनाची प्रयोगशाळा निघाली. ती पुढे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे, म्हणजे सीएसआयआरकडे, आली आणि १९८९ पासून इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, म्हणजे आयआयसीटी, या नावाने ओळखली जाऊ लागली. सोव्हिएत रशियाच्या मदतीने उभारलेल्या इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स, अर्थात आयडीपीएल, या सरकारी कंपनीचा कृत्रिम औषधांचा कारखाना बालानगरला होता. औषध प्रयोगशाळेत ग्रॅममध्ये बनवणे आणि कारखान्यात टनांनी बनवणे यांतले अंतर किती असते, हे शेकडो रसायनतज्ज्ञ तिथे पगार घेऊन शिकले.

त्यांपैकी एक कल्लम अंजी रेड्डी. गुंटूर जिल्ह्यातल्या हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा हा मुलगा मुंबईला माटुंग्याच्या यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञानाच्या संस्थेत शिकला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून, म्हणजे एनसीएलमधून, त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि मग ते आयडीपीएलमध्ये नोकरीला लागले. १९७५ मध्ये नोकरी सोडून भागीदारीत दोन कंपन्या चालवल्यावर १९८४ मध्ये त्यांनी डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज काढली. सुरुवात रक्तदाबावरील मिथाइलडोपाने झाली. पुढे नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन अशी औषधे नव्या प्रक्रियेने आणि उतरत्या किमतीत बाजारात आली. आयडीपीएलमधून बाहेर पडलेल्यांनी आणि त्यांचे पाहून इतरांनी जीडिमेट्ला, बोल्लारम, पटनचेरू भागांत बल्क ड्रगचे, म्हणजे औषधाच्या मूळ घटकाचे, कारखाने उभे केले. आयडीपीएल स्वतः मात्र तोट्यात जाऊन आजारी पडली. ज्या शाळेत सगळे शिकले ती शाळाच बंद पडावी, तसा हा प्रकार.

पुणे आणि हैदराबाद यांचा धागा आणखी एका नावाने जोडला जातो. ए. व्ही. रामाराव यांनी एनसीएलमध्ये बरीच वर्षे काम केले आणि १९८५ मध्ये ते हैदराबादच्या प्रयोगशाळेचे संचालक झाले. एड्सवरील एझेडटी या औषधाची स्वस्त प्रक्रिया त्यांच्या कारकिर्दीत विकसित झाली आणि ती मुंबईच्या सिप्लाने घेतली. हे सारे १९७० च्या कायद्याने दिलेल्या मोकळीकीत घडले. १९८१ मध्ये जिनिव्हात जागतिक आरोग्य परिषदेसमोर इंदिरा गांधींनी औषधांचे शोध पेटंटमुक्त असावेत, जीवन-मरणावर नफेखोरी होऊ नये, अशी भूमिका मांडली. त्या कल्पनेला व्यवहारात आणणारे कारखाने तोवर हैदराबादच्या आसपास उभे राहू लागले होते.

या स्वस्ताईची किंमत मात्र कोणीतरी मोजत होते. पटनचेरू परिसरातले ओढे, तलाव आणि विहिरी नासल्या. प्रकरण १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. २००७ मध्ये स्वीडिश संशोधकांनी पटनचेरूच्या सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारे पाणी तपासले. त्यात सिप्रोफ्लॉक्सासिनचे प्रमाण लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत निघाले, रुग्णाच्या रक्तात उपचारासाठी लागते त्याहूनही जास्त. पेटंट धोरणाचे गोडवे गाणाऱ्यांनी आणि त्यावर टीका करणाऱ्यांनीही या पाण्याचा हिशेब क्वचितच मांडला.

१९८६ मध्ये सुरू झालेल्या गॅट या जागतिक व्यापार कराराच्या उरुग्वे फेरीने विचाराची दिशा पालटली. व्यापाराच्या करारात पेटंट आणावे, ही कल्पना अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांची. भारताने आधी विरोध केला, पुढे तो मावळला. महाराष्ट्रात या फेरीतल्या डंकेल प्रस्तावावर रान उठले. डाव्या आणि स्वदेशीवादी गटांनी तो गुलामीचा दस्तऐवज ठरवला, तर शेतकरी संघटनेचे शरद जोशी खुल्या बाजाराच्या भूमिकेवरून प्रस्तावाच्या बाजूने उभे राहिले. वाद बहुतेक बियाण्यांभोवती फिरला. औषधाचा मुद्दा सभांमध्ये मागेच राहिला. १ जानेवारी १९९५ पासून बौद्धिक संपदेचा ट्रिप्स करार लागू झाला आणि औषधाच्या पदार्थावर पेटंट देण्यासाठी भारताला दहा वर्षांची सवलत मिळाली.

त्याच काळात दुसरी एक कल्पना रुजत होती : पेटंट हे आपलेही हत्यार होऊ शकते. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगाला अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द करून घेतले. माशेलकरांनी भारतीय शास्त्रज्ञांना निबंध छापण्याआधी पेटंट घ्यायला सांगितले. इकडे अंजी रेड्डींनी १९९३ मध्ये संशोधन संस्था काढली होती. १९९७ मध्ये मधुमेहावरील बालाग्लिटाझोन हा आपला नवा रेणू त्यांनी डेन्मार्कच्या नोवो नॉर्डिस्कला परवान्यावर दिला. कोणा भारतीय कंपनीने स्वतःचा मूळ रेणू असा परदेशी कंपनीला देण्याची ही पहिलीच वेळ. तो आणि त्याच्या मागोमागचा रागाग्लिटाझार, दोन्ही बाजारापर्यंत पोचले नाहीत. पण प्रक्रियेची मोकळीक मागणारा उद्योग आता पदार्थाच्या पेटंटात आपला वाटा पाहू लागला होता. यात ढोंग नव्हते. जर्मन कंपन्यांनीही आधी असाच प्रवास केला होता.

१ जानेवारी २००५ पासून पदार्थावर वीस वर्षांचे पेटंट सुरू झाले. आधी वटहुकूम निघाला होता. संसदेत मार्चमध्ये त्यावर चर्चा झाली तेव्हा सरकारला बाहेरून पाठिंबा देणाऱ्या डाव्या पक्षांच्या रेट्यामुळे कलम ३(ड) कडक झाले. माहीत असलेल्या पदार्थाचे नवे रूप काढले आणि त्याचा गुण लक्षणीय वाढलेला दाखवता आला नाही, तर पेटंट नाही. जुन्या औषधाला थोडा फेरफार करून मक्तेदारी लांबवण्याची युक्ती जगभर चालते. तिच्यावर एवढी नेमकी कायदेशीर मेख भारताआधी कोणी मारली नव्हती. याच सुमारास पेटंट मर्यादांचा विचार करायला माशेलकर समिती नेमली होती. तिच्या अहवालातला काही मजकूर दुसऱ्या एका निबंधातून जसाच्या तसा आल्याचे उघड झाले आणि २००७ मध्ये तो मागे घ्यावा लागला. हळदीच्या लढाईचा नायक औषधाच्या लढाईत दुसऱ्या बाजूचा ठरतो की काय, अशी शंका तेव्हा अनेकांनी बोलून दाखवली. ती पूर्ण न्याय्य नसली तरी अकारण नव्हती.

३(ड) ची कसोटी नोव्हार्टिसच्या ग्लिव्हेक या रक्ताच्या कर्करोगावरील औषधाने पाहिली. त्याचा महिन्याचा खर्च सुमारे सव्वा लाख रुपये होता. हैदराबादच्या नॅटकोसह काही भारतीय कंपन्यांची तीच इमॅटिनिबची गोळी दहा हजारांच्या आत पडत होती. मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन आणि नॅटकोसारख्या कंपन्या यांनी हरकत घेतली आणि २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी त्यावर शिक्कामोर्तब केले. न्यायमूर्ती आफताब आलम आणि रंजना प्रकाश देसाई यांचा हा निकाल. अंजी रेड्डींचे निधन त्याआधी पंधरवड्यावर, १५ मार्चला झाले होते.

दुसरी कसोटी त्याहून धाडसी होती. मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगावरील सोराफेनिबचे पेटंट बायरकडे वैध होते. महिन्याची किंमत होती २ लाख ८० हजार रुपये. कलम ८४ सांगते की पेटंटधारक वाजवी दरात आणि पुरेशा प्रमाणात औषध देत नसेल तर सरकार दुसऱ्याला सक्तीचा परवाना देऊ शकते. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट महानियंत्रक पी. एच. कुरियन यांनी मुंबईतून नॅटकोला तसा परवाना दिला. किंमत कमाल ८,८८० रुपये, बायरला विक्रीच्या ६ टक्के स्वामित्वशुल्क, जे अपिलात ७ टक्के झाले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये आदेश कायम ठेवला आणि सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. अय्यंगारांच्या अहवालातली कल्पना अर्ध्या शतकानंतर एका रुग्णाच्या औषधचिठ्ठीपर्यंत पोचली.

आणि तिथेच थांबली. हैदराबादच्याच ली फार्माने मधुमेहावरील सॅक्साग्लिप्टिनसाठी अर्ज केला, तो २०१६ मध्ये फेटाळला गेला. बहुराष्ट्रीय कंपन्यांनीही डाव बदलला. त्या आता भारतीय कंपन्यांना स्वतःच ऐच्छिक परवाने देऊ लागल्या. २०२० मध्ये कोविडसाठी रेमडेसिव्हिरचे परवाने गिलियडने असेच दिले, त्यात हैदराबादची हेटेरो होती. कुणाला, किती आणि कोणत्या देशात विकायचे, हे अर्थात परवाना देणारा ठरवतो.

कोविडने सरकारचे दोन चेहरे एकाच वेळी दाखवले. ऑक्टोबर २०२० मध्ये भारताने दक्षिण आफ्रिकेबरोबर जागतिक व्यापार संघटनेकडे लस-औषधांची पेटंटे तात्पुरती स्थगित करण्याची मागणी केली. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या परवान्यांबद्दल विचारले, तेव्हा त्याच सरकारने प्रतिज्ञापत्रात सांगितले की हे अधिकार वापरणे या टप्प्यावर उलट परिणाम करेल. जिनिव्हात जी मागणी न्याय्य, ती दिल्लीत अवेळी ठरली. कोव्हॅक्सिनची कथा याच्या जोडीला ठेवावी. आयसीएमआर या सरकारी वैद्यक संशोधन परिषदेच्या पुण्यातील राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळा केलेला विषाणू आणि हैदराबादच्या भारत बायोटेकचा कारखाना यांतून ती लस आली. कंपनीच्या पेटंट अर्जांत आयसीएमआरचे नाव नसल्याचे पुढे दिसले आणि ते २०२४ मध्ये सहमालक म्हणून घातले गेले. सार्वजनिक पैशाचा हक्क लिहून घ्यावा लागतो, हे आयडीपीएलच्या काळात कोणाला सुचले नव्हते.

मार्च २०२४ च्या नव्या नियमांनी पेटंटचा वापर होतो आहे की नाही याचे विवरण दरवर्षीऐवजी तीन वर्षांतून एकदा द्यायचे ठरवले आणि मंजुरीपूर्व हरकतीवर शुल्क व प्राथमिक छाननी आणली. उद्योगाला कागदपत्रांचा त्रास कमी व्हावा, हे कारण दिले गेले. पण सक्तीचा परवाना मागायचा तर पेटंट वापरात नाही याचा पुरावा लागतो, आणि तो पुरावा याच विवरणातून मिळतो. अय्यंगारांनी ज्या आकड्यांवर आपला युक्तिवाद उभा केला, तसे आकडे गोळा करणे आता अधिक अवघड झाले आहे. ही सुधारणा चुकीच्या दिशेची आहे.

न्यायालये मात्र अजून जुन्या विचाराला धरून आहेत. स्नायू दुबळे करणाऱ्या एसएमए या दुर्मीळ आजारावरील रोशच्या रिस्डिप्लामची बाटली सहा लाख रुपयांच्या घरात होती. नॅटकोने ती बनवण्याची तयारी केली. पेटंटच्या वैधतेवर प्रथमदर्शनी शंका घेत दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये मनाई हुकूम नाकारला आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. नॅटकोने किंमत जाहीर केली १५,९०० रुपये. ही लढत पेटंट कमकुवत असल्याच्या मुद्द्यावर जिंकली गेली, कलम ८४ च्या बळावर नाही. सोराफेनिबच्या पेटंटची मुदत २०२० मध्ये संपली. त्याच्यासारखा दुसरा सक्तीचा परवाना भारत सरकारने आजवर दिलेला नाही.