ठाण्यातले पहिले तास

लहान मुलावर अत्याचार झाल्याचे कळले की बाजारपेठ बंद होते, लोक पोलीस ठाण्यासमोर जमतात आणि एकच घोषणा उठते : आरोपीला फाशी द्या. हिंगोली जिल्ह्यातले आखाडा बाळापूर असो की मुंबईजवळचे बदलापूर, चित्र सारखेच. पण शिक्षा तर न्यायालय देते. मग लोक ठाण्यासमोर का जमतात?

बदलापूरच्या तारखा नीट पाहिल्या की उत्तर सापडते. ऑगस्ट 2024 मध्ये शाळेतल्या सफाई कर्मचाऱ्याने दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार केल्याची तक्रार घेऊन पालक ठाण्यात गेले. सुमारे बारा तास ताटकळल्यावर 16 ऑगस्टच्या रात्री गुन्हा नोंदला गेला. 17 तारखेला आरोपीला अटक झाली. 20 तारखेला लोक रुळांवर उतरले, तेव्हा तो कोठडीतच होता. तरी जवळपास दहा तास लोकल अडल्या, दगडफेक झाली, लाठीमार झाला. म्हणजे घोषणा फाशीची असली, तरी राग त्या बारा तासांचाही होता.

हे तास मोलाचे असतात. शरीरावरच्या खुणा पुसट होतात, कपडे धुतले जातात, कॅमेऱ्यातले चित्रण पुसले जाते. ज्यांची नावे पुढे येणार, त्यांना सावरायला सवड मिळते. लहान गावात तर दोन्ही घरे ओळखीची; तासाभरात कुणीतरी मोठे माणूस दारात येते आणि ‘पोरीच्या बदनामीचा विचार करा’ असे समजावू लागते. ठाण्यात बसवून ठेवलेल्या बापाला हा सल्ला पटायला फार वेळ लागत नाही. उशीर असा आपोआप आरोपीच्या बाजूने काम करतो. त्यासाठी कुणाला लाच घ्यावी लागत नाही.

कायद्याला हे ठाऊक आहे. 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. वैद्यकीय तपासणी गुन्हा नोंदण्याची वाट पाहत नाही. अत्याचाराची माहिती असून न कळवणे हाही गुन्हा आहे, मग ती शाळा का असेना. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच नोंद सक्तीची, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच बजावले आहे. बदलापूरच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा शाळेबरोबर पोलिसांनाही याच चुकांबद्दल फैलावर घेतले. ठाण्यातले तिघे निलंबित झाले.

पुढे 23 सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला. काहींना न्याय झाल्यासारखे वाटले. प्रत्यक्षात त्याच्यावरचा खटला तिथेच संपला. त्या मृत्यूच्या न्यायदंडाधिकारी चौकशीत पाच पोलिसांवर ठपका आला आणि चर्चा चकमकीकडे वळली. ठाण्यात बसवून ठेवलेल्या पालकांचा प्रश्न मागे पडला.

आपल्याच राज्यात याहून वेगळे घडलेले आहे. 1972 मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केल्याचा आरोप झाला. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. पुढच्या वर्षी कायद्याच्या चार प्राध्यापकांनी त्या निकालावर खुले पत्र लिहिले, 1980 मध्ये महिला संघटना रस्त्यावर उतरल्या आणि 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्या आंदोलनाने दोन माणसांपुरते न पाहता ठाणे, कोठडी आणि पुराव्याचा नियम यांना जाब विचारला. म्हणून ते टिकले.

तेव्हा बाळापुरात मोर्चा काढण्याची वेळ आलीच, तर काढावा. पण निवेदनात पहिली मागणी वेळेच्या हिशेबाची असावी. पालक ठाण्यात किती वाजता आले, नोंद किती वाजता झाली, जबाब कुठे आणि कुणी घेतला? गुन्ह्याच्या नोंदीची प्रत फुकट मिळते. ती मागून घ्यावी. ठाण्याने नोंद नाकारली तर हिंगोलीला पोलीस अधीक्षकांकडे लेखी जावे, तिथेही दाद नाही लागली तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. आणि मुलीचे नाव, फोटो, घर, शाळा यांतले काहीही फलकावर किंवा मोबाइलवर येऊ देऊ नये. तोही कायद्याने गुन्हाच आहे.