तोफेचा फोटो आणि तोफेचं माप

भवानीनगरहून समुद्र गाठायचा तर सह्याद्रीचा घाट उतरावा लागतो. तरी इंदापूर तालुक्यातल्याच वालचंदनगरात नौदलाच्या जहाजांचे गिअरबॉक्स बनतात. ज्यांच्या नावाचं ते गाव, त्या वालचंद हिराचंदांच्या सिंधिया कंपनीनं विशाखापट्टणमला जहाजबांधणी सुरू केली आणि १९४८ साली तिथून 'जलउषा' पाण्यात उतरली. त्यामुळे ऊसपट्ट्यातल्या एखाद्या पोरानं संगणकावर नौदलाची तोफ उभी करायला घेतली तर नवल वाटायला नको. पण हाताशी ना ड्रॉइंग, ना खरी तोफ. असतात ते फक्त फोटो.

उदाहरणच घ्यायचं तर सीआरएन-९१ घेऊ. तटरक्षक दलाच्या आणि नौदलाच्या गस्ती जहाजांवर पुढच्या डेकवर दिसते ती ३० मिलिमीटरची हलकी तोफ. मूळची ती समुद्रातली नव्हेच. लष्कराच्या 'सारथ' या चिलखती गाडीवरची, म्हणजे बीएमपी-२ वरची मूळ रशियन रचनेची तोफ जहाजाच्या माउंटिंगवर चढवलेली आहे. हे ठाऊक असलं की अर्धं काम सोपं होतं. बंदरातल्या जहाजाची तोफ पुष्कळदा कॅनव्हासखाली झाकलेली असते; गाडीवरची तीच नळी संचलनाच्या फोटोंत उघडी आणि जवळून दिसते. समुद्रावरच्या तोफेचा अभ्यास असा जमिनीवर करता येतो. ही गाडी वापरणाऱ्या मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र तर आपल्या नगरलाच आहे.

आता मापाकडे येऊ. नळीचं भोक ३० मिलिमीटर, हे पक्कं. मग त्यावरूनच बाकीचं मोजावं, असं कुणालाही सुचेल, आणि तिथेच घात होतो. समजा, फोटोत ते भोक १२ पिक्सेलचं दिसतंय. कडा ठरवताना एका पिक्सेलची चूक झाली, तर ती आठ टक्क्यांची चूक झाली. नळीची खरी लांबी सुमारे २.४ मीटर, हिशेबात ती २० सेंटिमीटरनं कमी-जास्त होऊन बसते. उलट नळीची लांबी धरून बाकीचं काढायला गेलं, तर लांबीतली एका पिक्सेलची चूक कुठल्या कुठे विरून जाते. मोठ्यावरून लहान मोजावं, लहानावरून मोठं नाही. साखर कारखान्यातल्या फिटरचं बरं असतं. गाळप संपून मिल उघडली की झिजलेला भाग त्याच्या हातात असतो, कॅलिपर लावला की काम झालं. फोटोला कॅलिपर लागत नाही.

त्यात फोटो जवळून काढलेला असेल तर तोफेचं तोंड फुगतं आणि मागचा भाग आक्रसतो. लांबून, मोठ्या लेन्सनं काढलेला, दिसायला कंटाळवाणा फोटो मापाला जास्त भरवशाचा. वर्तमानपत्रात छापून येतो तो नेमका जवळून काढलेला. त्याचा दोष नाही. तो मोजण्यासाठी काढलेलाच नसतो.

पण माझ्या मते खरी परीक्षा यापुढे आहे. या तोफेला दोन पट्ट्यांतून दारूगोळा मिळतो: एकात चिलखत भेदणारी काडतुसं, दुसऱ्यात स्फोटक. नळी वर उचलली तरी पट्टा ओढला जाता कामा नये, नळीच्या मागच्या भागाला खाली हलायला जागा हवी, आणि सगळं माउंटिंग फिरलं तरी कठड्याला काही घासू नये. एकाही फोटोत हे दिसत नाही, पण संगणकावर नळी वर-खाली करून पाहिली की लगेच कळतं. हुबेहूब दिसणारं मॉडेल पंचवीस अंशांवर डेकमध्ये रुततं, आणि मग समजतं की आस चुकीच्या जागी धरला होता. 'फोटोत दिसतं तेवढंच करतो' असं अभिमानानं सांगणाऱ्यांना हे कधी कळतच नाही.

म्हणजे अंदाज करणं भागच आहे. मला खटकतो तो अंदाज नव्हे, त्यावरचा रंग. राखाडी रंग, खाऱ्या हवेचे डाग, थोडा गंज असा साज चढला की मोजलेला भाग आणि मनानं भरलेला भाग सारखेच खरे दिसू लागतात. बघणाऱ्याला फरक कळायचा मार्गच उरत नाही.

मराठा आरमाराच्या गुराबा-गलबतांच्या प्रतिकृतींची गत वेगळी नाही. रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकातल्या इंग्रज इतिहासकारानं गुराबेच्या नाळेवरून समोर मारा करणाऱ्या ९ ते १२ पौंडी तोफांचं आणि गलबतावरच्या २ ते ४ पौंडी हलक्या तोफांचं वर्णन केलं आहे. गोळ्याच्या वजनावरून नळीचं तोंड काढता येतं. ९ पौंडी लोखंडी गोळा साधारण १० सेंटिमीटर व्यासाचा होतो. गाडा, दोरखंड, तोफ मागे रेटली जाते तेव्हा लागणारी जागा हे सगळं कारागीर स्वतः भरतो. भरावंच लागतं. पण काचेच्या पेटीत ठेवलेलं जहाज बघणारा ते सारं इतिहास म्हणूनच घरी नेतो.

म्हणून मॉडेल करणाऱ्यांना एवढीच विनंती आहे. शाळेच्या प्रदर्शनात तोफ ठेवाल किंवा फाइल कुणाला द्याल, तेव्हा सोबत एक चिठ्ठी जोडा: कोणता भाग फोटोवरून मोजला, कोणता हिशेबानं काढला आणि कोणता निव्वळ अंदाजानं केला. तुमच्यानंतर काम करणाऱ्याला चकचकीत रंगापेक्षा त्या चिठ्ठीचा उपयोग जास्त होईल.