काटा गावाचा ढाळ

सावकाश वाचा. घाईत असाल तर राहू द्या, रात्री वाचा.

वाशिम शहराच्या उत्तरेला काटा नावाचं गाव आहे. मनाने तिथल्या शिवारातल्या एखाद्या उंचवट्यावर उभे राहा. मृगाची पहिली सर अजून यायची आहे. आधी पायाखाली बघा. काळी जमीन उन्हाने तडकली आहे. भेग इतकी रुंद, की हात मनगटापर्यंत आत जावा. ढेकळांत चुनखडीचे पांढुरके खडे अडकलेत. ज्या पाषाणाची ही माती झाली, तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरत आला. हा आकडा वाचून लगेच पुढे जाऊ नका. दोन श्वास त्याच्यापाशी राहा. तो डोक्यात मावणार नाही, आणि मावला नाही तरी चालेल.

आता सर आली म्हणा.

या गावाच्या परिसरात दोन नद्या एकमेकींच्या जवळ उगम पावतात आणि पाठ फिरवून चालू लागतात. काटेपूर्णा उत्तरेला उतरते. तिच्याबरोबर चला: पूर्णा, मग चांगदेवला तापी, मग सुरतेपलीकडे अरबी समुद्र. परत या. पूस आग्नेयेकडे निघते. पुसदवरून पैनगंगेत, पैनगंगेतून वर्धेत, पुढे प्राणहिता, सिरोंच्याजवळ गोदावरी आणि शेवटी बंगालचा उपसागर. घराच्या दोन पाख्यांसारखी ही भुई दोहीकडे उतरलेली आहे; फक्त आढं दिसत नाही. वखर चालवताना बैल ते ओलांडून जातात, त्यांना पत्ताही लागत नाही.

दोन समुद्रांची ही गोष्ट ऐकायला गोड आहे, म्हणूनच जरा जपून. पहिल्या सरीचं पाणी कुठल्याच समुद्राला जात नाही. ते त्या भेगेत उतरतं. माती फुगते, भेगा मिटतात, मग कुठे पाणी वावरातून धुऱ्याकडे आणि धुऱ्यावरून नाल्याकडे सरकायला लागतं. पुढे महानच्या धरणात काटेपूर्णा अडते आणि तिचं पाणी अकोल्याच्या नळांना येतं. काही पाणी तुरीच्या मुळाशी थांबतं, काही अकोल्यातल्या एखाद्या हंड्यात. तुम्हीही त्याच्याबरोबर तिथेच थांबा. समुद्र गाठलाच पाहिजे असं कुठे आहे?

आता माणसांकडे वळा. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेतल्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ मध्ये वाशिमला सापडला. त्यात दान दिलेलं गाव नांदेडकडचं, आकासपद्द नावाचं. राजाची वंशावळ संस्कृतात आहे, व्यवहाराचा मजकूर प्राकृतात. वंशावळीत माझं मन फारसं रमत नाही. त्या गावाला दिलेल्या माफीची यादी मात्र पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते. या गावात शिपायांनी शिरू नये. गावाकडून फुलं, दूध घेऊ नये. पाळीपाळीने बैल मागू नयेत. कातडी, कोळसा मागू नये.

ही यादी उलटी वाचून बघा, एकेका शब्दापाशी थांबत. माफी एका गावाला होती. म्हणजे बाकीच्या गावांत शिपाई शिरत होता. कुणाच्या तरी गोठ्यातलं दूध रोज जात होतं. बैलांची पाळी आली, की त्या दिवशी आपलं वावर तसंच पडून. सोळाशे वर्षांपूर्वीचं इकडचं गाव राजाच्या स्तुतीत सापडत नाही, ते या नकारांत सापडतं.

पुढचं लवकर उरकू. मुलूख निजामाकडे आला, १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. बाशीम नावाचा जिल्हा झाला आणि १९०५ मध्ये मोडला: वाशिम, मंगरूळ अकोल्याला जोडले, पुसद यवतमाळला. १ जुलै १९९८ ला वाशिम पुन्हा जिल्हा झाला, पुसद यवतमाळातच राहिलं. काट्याहून निघालेली पूस मधली ही हद्द कुणाला न विचारता ओलांडते.

शेवटी स्वतःच्या गावी या. दारासमोरच्या नालीचं पाणी कोणत्या ओढ्याला मिळतं? तो ओढा कोणत्या नदीला? सांगताना जिथे अडाल, तिथे पायी जाऊन बघा. पावसाळ्यात निघालात आणि जमीन काळी असली, तर चप्पल आधीच हातात घ्या. चिखलात रुतली की पट्टा तुटतो.