आजचं चिंतन : गीता १७.१५ – फॉर्ममधला एक रकाना



आजचा श्लोक सतराव्या अध्यायातला पंधरावा. वाणीचं तप. भगवंत सांगतात, बोलणं असं हवं की ऐकणाऱ्याचं मन ढवळून निघू नये. ते खरं हवं, गोड हवं आणि हिताचं हवं. जोडीला स्वाध्याय. हा श्लोक आपल्यापैकी बऱ्याच जणांना पाठ आहे. गाडी अडते ती सोमवारी सकाळी, ऑफिसात.

गेल्या शनिवारी गीतावाचन संपल्यावर एक मुलगी मागे थांबली. चहाचे कप गोळा करता करता म्हणाली, "दादा, एक विचारू? न सांगणं म्हणजे खोटं बोलणं का हो?"

तिला हिंजवडीत नवी नोकरी लागलीय. एक तारखेला जॉइनिंग. तिला फिट्सचा त्रास आहे, म्हणजे अपस्मार. गोळ्या वेळेवर चालू आहेत आणि गेल्या तीन वर्षांत एकदाही फिट आलेली नाही. शेवटची आली ती जुन्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत. त्यानंतर तिला कुणी वाईट बोललं नाही, पण महत्त्वाची कामं हळूहळू दुसऱ्यांच्या टेबलावर जायला लागली. आता नव्या कंपनीच्या फॉर्ममध्ये रकाना आहे : काही जुना आजार आहे का? हो / नाही. आई म्हणते, "आता होत नाही ना काही, मग कशाला सांगतेस?" बाबा म्हणतात, "लपवून मिळवलेली भाकरी अंगी लागत नाही." दोघंही तिच्या काळजीपोटीच बोलतात, त्यामुळे तिची अजूनच पंचाईत.

मी तेव्हा उत्तर दिलं नाही. खरं तर सुचलंच नाही. आठवडाभर हा श्लोक तिच्या प्रश्नाबरोबर वाचला.

पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की हा श्लोक बोललेल्या शब्दाबद्दल आहे. जे बोलाल ते खरं बोला, असं तो म्हणतो. जे जे खरं आहे ते सगळं बोलून टाका, असं म्हणत नाही. मग मौनाचं काय? मौन येतं पुढच्या, सोळाव्या श्लोकात, आणि गंमत बघा, भगवंतांनी ते वाणीच्या तपात धरलेलंच नाही. ते मनाच्या तपात आहे. इतकी वर्षं वाचतोय, पण हे मला यावेळी दिसलं. म्हणजे गप्प राहणं चांगलं की वाईट हे तोंडावरून ठरत नाही, आत काय चाललंय त्यावरून ठरतं. दहाव्या अध्यायात तर गुपितांमधलं मौन म्हणजे मीच, असं ते सांगतात.

आता महाभारतात या. पांडवांचा अज्ञातवास म्हणजे, थोडं आजच्या भाषेत बोलायचं तर, सहा जणांनी विराटाच्या घरी धरलेली नवी नोकरी. आणि आम्हाला कुणी ओळखू नये हा वर त्यांना दिला कुणी? यक्षाच्या रूपात आलेल्या साक्षात धर्माने! ज्याचं नावच धर्म, त्याने 'झाकलेले राहाल' असा आशीर्वाद द्यावा, यावर मी पुष्कळ वेळ थांबलो.

त्यात द्रौपदीचा प्रसंग बघा. सुदेष्णा विचारते, तू कोण? द्रौपदी सांगते, मी सैरंध्री, केशरचना करते, हार गुंफते. ती कोणाची राणी, दरबारात तिच्यावर काय गुदरलं, यातलं काही सांगत नाही. पण आपल्या दोन अटी मात्र स्पष्ट सांगते : मी कुणाचं उष्टं खाणार नाही आणि कुणाचे पाय धुणार नाही. सुदेष्णा मान्य करते. आपली सगळी कहाणी न उघडता, काम नीट करायला आणि मानाने राहायला जे लागतं तेवढं द्रौपदीने पहिल्याच दिवशी मागून घेतलं.

(वेषांतरात ती काही खोट्या गोष्टीही सांगते, हे मान्य. तिथे वनवास पुन्हा बारा वर्षं भोगायची पाळी येणार होती. ती सवलत आपण ऑफिसच्या फॉर्मसाठी घेऊ नये.)

कारण दुसरीकडे कर्ण आहे. परशुरामांना त्याने आपण ब्राह्मण असल्याचं सांगितलं. गुरूंची झोप मोडू नये म्हणून किड्याने मांडी पोखरली तरी हू की चू केलं नाही. माझा जीव कर्णासाठी नेहमी तुटतो. पण विद्या मिळाली ती त्या खोट्यावर, आणि नेमकी गरजेच्या वेळी ती गेली.

म्हणून काल तिला फोन केला. म्हटलं, फॉर्म सरळ विचारत असेल तर 'नाही'वर टिक करू नकोस. खोटी माहिती दिल्यास नोकरी जाईल असं कलम अनेक नेमणूकपत्रांत असतं, आणि ती भीती रोज डब्याबरोबर ऑफिसात न्यावी लागेल. पण जे कुणी विचारलेलंच नाही ते टीममध्ये सगळ्यांना सांगत सुटणं हे काही तुझं कर्तव्य नाही. कायद्यालाही हा फरक कळतो. एचआयव्हीबद्दल २०१७ चा कायदा आहे, त्यानुसार आपली स्थिती उघड करायची सक्ती कुणावर करता येत नाही. आणि आरटीओच्या फॉर्म १ मध्ये अपस्माराबद्दल थेट विचारतात, तिथे खरंच लिहावं लागतं, कारण स्टिअरिंगवर दुसऱ्यांचे जीव असतात. तुझं काम टेबलावरचं आहे.

ती म्हणाली, "पण दादा, नाईट शिफ्ट लावली तर? झोप मोडली की मला त्रास होतो."

म्हटलं, हीच तुझी द्रौपदीची अट. ती माग.

आणि शेजारी बसणाऱ्या एखाद्या विश्वासू मैत्रिणीला एवढं सांगून ठेव : फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा-बिमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, पाच मिनिटांत थांबलं नाही तर हॉस्पिटलला न्या. हे खरंही आहे, हिताचंही आहे, आणि शांतपणे सांगितलं तर ऐकणारी घाबरतही नाही. आजचा श्लोक म्हणजे अजून काय?

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला सांगायची भीती नाही वाटत दादा. लाज वाटते." इथे मात्र मी अडलो. १९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यातही अपस्मार हा लग्नातला दोष म्हणून लिहिलेला होता. तो शब्द कायद्यातून गेला, घराघरांतून अजून जायचाय. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, नीट उपचार मिळाले तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटशिवाय जगू शकतात. हे तिला सांगितलं. तिला ते आधीच माहीत होतं.

फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचाय. काय लिहायचं ते ती ठरवेल.

उद्या सोळावा श्लोक, मनाचं तप. तिलाही वाचायला सांगितलाय.

राम कृष्ण हरी.