शहर सुटल्यावर : गुरुप्रतिपदेच्या निमित्ताने





आपले बहुतेक उत्सव येण्याचे असतात. चैत्रात राम येतो, श्रावणात कृष्ण येतो, मार्गशीर्षी पौर्णिमेला दत्तप्रभू येतात, आणि आपल्या कारंज्यात पौष शुद्ध द्वितीयेला नृसिंहसरस्वती महाराज येतात. पाळणा, सुंठवडा, गुलाल. माघ वद्य प्रतिपदा मात्र जाण्याची तिथी. गाणगापूर सोडून श्रीशैलाला गेलेले श्रीगुरू या तिथीला पाताळगंगेत फुलांच्या आसनावर बसले आणि कर्दळीवनाकडे निघून गेले. परंपरेने ते साल शके १३८० धरतात. जो सोडून गेला त्याच्या जाण्याच्या दिवशी आपण गोडधोड करतो, पालखी काढतो. म्हणून या उत्सवाच्या अंकासाठी काय लिहू असा विचार करताना वाटलं, सोडून जाण्यावरच लिहावं. त्याला कारणही तसंच आहे.

गेली काही वर्षं आपल्या जिल्ह्यात परत आलेली मंडळी फार दिसतात. कारंजा म्हणा, मंगरूळपीर म्हणा, मानोरा, रिसोड, मालेगाव, खुद्द वाशीम म्हणा, तीस-पस्तीस वर्षं पुण्याला किंवा मुंबईला नोकरी केली, फंड मिळाला, मुलं आपापल्या वाटेला लागली, आणि हे नवरा-बायको वडिलांचं घर नीट करून राहायला आले. काही २०२० च्या टाळेबंदीत आले ते राहिलेच. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी सुरू झाला, आणि जाणं-येणं आवाक्यातलं वाटू लागलं. शकुंतलेच्या डब्यात बसून मूर्तिजापूर गाठणारे आपण लोक, आपल्याला त्या रस्त्याचं कौतुक असणारच.

ही मंडळी देवळात नेमाने येतात. काकड्याला असतात, पारायणाला असतात. आणि आरती संपली की हळूच जवळ येऊन सांगतात, "बुवा, सगळं चांगलं आहे, पण करमत नाही हो."

आता कशाची आठवण येते आणि कशाची येत नाही, हे मी त्यांना खोदून विचारत आलो आहे. मौज अशी, की शहर सोडताना ज्या गोष्टींसाठी जीव तुटेल असं वाटत होतं त्यांची नावंसुद्धा निघत नाहीत. मोठमोठी दुकानं, नाटकं, हॉटेलं यांबद्दल एकानेही हळहळ बोलून दाखवली नाही. लोकलमध्ये लोंबकळणं, गाडी लावायला जागेवरून भांडण, सोसायटीच्या मीटिंगा, टँकरची वाट बघणं, यांची आठवण अर्थातच कोणाला येत नाही. ते सांगताना तर पुरुषमंडळी खुलतात.

मग आठवतं काय? एका गृहस्थांना सकाळी फिरायला जाताना टेकडीवर भेटणारा माणूस आठवतो. बावीस वर्षं रोज भेटला. नाव माहीत नाही, फक्त "काय, आज उशीर?" एवढंच बोलणं. एकांना ऑफिसबाहेरचा चहावाला. आणि एका माउलीने मला जे सांगितलं ते मी विसरू शकत नाही. ती म्हणाली, "काका, तिथं मी पिशवी घेऊन घराबाहेर पडले तर कुठं चाललात असं विचारणारं कोणी नव्हतं. इथं पाच घरं ओलांडेपर्यंत चार जणी विचारतात. प्रेमानंच विचारतात. पण मला तिथलं ते न विचारणं आठवतं."

तिचे यजमान शेजारीच उभे होते. ते लगेच म्हणाले, "बघा बुवा, एवढ्या क्षेत्रात राहून हिची माया सुटत नाही. मी तर आलो आणि पुणं विसरलो. आता फक्त महाराजांचे पाय."

मला त्या गृहस्थांच्या भक्तीबद्दल शंका नाही. परंतु या ठिकाणी थोडं थांबू, कारण असं बोलणं बऱ्याच घरांतून चालतं. हे गृहस्थ ज्या गावी परतले ते त्यांच्या बालपणाचं गाव. तिथे त्यांना अरे-तुरे करणारे मित्र आहेत, वडिलांचं नाव आहे, ओटा आहे. ती माउली लग्न होऊन या गावात चार महिने राहिली असेल नसेल, आणि तिचा सगळा संसार झाला शहरात. नळाला पाणी तिने तिथे पाहिलं, बँकेत स्वतःच्या नावाचं पुस्तक तिथे उघडलं, भिशी, भजनी मंडळ, शेजारीण, सगळं तिथलं. मग यजमानांना गावाची ओढ होती तिला नाव दिलं भक्ती, आणि तिला शहराची ओढ आहे तिला नाव दिलं माया! ही वाटणी कोणी केली? दत्तप्रभूंनी तर केलेली नाही.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. शहर वाईट आणि रान चांगलं, असा हिशेब तिथे सापडत नाही. उलट बघा. बाण करणारा कारागीर हा एक गुरू. त्याच्या दुकानावरून राजाची स्वारी वाजतगाजत गेली आणि त्याला पत्ता नाही, इतका तो बाणाच्या टोकाशी एक झालेला. हा माणूस कुठे बसला होता? राजरस्त्याच्या कडेला. पिंगला ही दुसरी गुरू, ती विदेह नगरीची. रात्रभर दारात उभी राहून वाट पाहिली, कोणी आलं नाही, तेव्हा आशाच सुटली आणि तिला निवांत झोप लागली. तिने नगर सोडलं असं तिथे म्हटलेलं नाही. आणि ती कुमारिका. पाहुणे आले म्हणून भात कांडायला बसली तर हातातल्या बांगड्या वाजायला लागल्या. एकेक उतरवत नेल्या, दोन राहिल्या तरी वाजतच होत्या. एक राहिली तेव्हा आवाज थांबला. निवृत्त जोडप्यांनी ही गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावी. मुलं गेली, नोकरी गेली, शेजारपाजार गेला, आता घरात दोनच बांगड्या, आणि त्या दिवसभर वाजतात! याचा दोष गावाला का द्यायचा? शहरात आठ-आठ तास बाहेर असायचो म्हणून तो आवाज ऐकू येत नव्हता इतकंच.

म्हणजे करमत नाही याची निम्मी कारणं गावात नाहीतच. पण निम्मी आहेत, तीही मानली पाहिजेत.

आता आपल्या श्रीगुरूंचंच बघा. परंपरेने शके १३०० मध्ये या कारंज्यात माधव आणि अंबा यांच्या पोटी ते जन्मले. काळ्यांचा वाडा आपण सगळे दाखवतो. ओंकाराखेरीज मुलगा बोलेना, मुंज झाल्यावर मात्र मुखातून वेद आले, आणि आईकडून भिक्षा घेऊन तो निघाला. गुरुचरित्रातला हा भाग वाचताना आपण चमत्काराकडे बघतो. मला त्यातली दुसरीच गोष्ट मोठी वाटते. आई रडायला लागली, तेव्हा त्याने तत्त्वज्ञान सांगितलंच. ते सांगायचा त्याला अधिकार होता. पण एवढं सांगून तो निघून गेला नाही. तो थांबला. आईच्या कुशीत दुसरी मुलं येईपर्यंत थांबला. जुळे मुलगे झाले, ते तीन महिन्यांचे झाले, तेव्हा त्याने घर सोडलं. परत भेटेन असं वचनही दिलं. आणि काशीला संन्यास घेऊन, बदरीपर्यंत फिरून, तीस वर्षांनी कारंज्याला येऊन ते वचन पाळलं. आईवडील भेटले, बहीण रत्नाई भेटली, गावातल्या घरोघरी भिक्षा झाली. आणि मग पुन्हा गेले. राहिले नाहीत.

ज्याला जायचंच आहे असा प्रत्यक्ष अवतार एका बाईच्या रडण्यासाठी वर्षभर खोळंबला. आणि आपण "चल, ट्रक आला, सामान भर" म्हणतो. शहर सोडायचं ठरलं तेव्हा घरातल्या बाईला विचारलं होतं का, हे मी त्या यजमानांना विचारलं. ते म्हणाले, "सांगितलं होतं की." सांगणं आणि विचारणं, दोन्ही क्रियापदं वेगळी आहेत.

टेंबे स्वामींचं चरित्र बहुतेकांनी वाचलेलं आहे. १८५४ चा जन्म. माणगावात स्वतः मंदिर उभारलं, लोक दर्शनाला यायला लागले, आणि सात वर्षांनी आज्ञा झाली म्हणून १८८९ मध्ये ते गाव सोडून निघाले. बरोबर पत्नी अन्नपूर्णाबाई. पुढे १८९१ मध्ये गंगाखेडला गोदेच्या काठी त्या गेल्या आणि त्यानंतर महाराजांनी संन्यास घेतला, तोपर्यंत नाही. मांडलेलं देऊळ सोडलं पण माणूस सोडलं नाही. आणि याच टेंबे स्वामींनी श्रीगुरूंचं जन्मस्थान हेच कारंजं, असं दाखवून दिलं, हे या गावाने विसरू नये. पुढे ब्रह्मानंद सरस्वतींनी १९३४ मध्ये गुरुमंदिराची स्थापना केली, म्हणून आज आपल्याला इथे येऊन डोकं टेकता येतं. ज्या गावातून अवतारी पुरुष दोनदा निघून गेला, त्या गावात शतकानुशतकं देऊळही नव्हतं. ज्याला क्षेत्रातच राहिलं पाहिजे असं फार वाटतं त्याने याचाही थोडा विचार करावा.

एक व्यवहाराची गोष्ट बोलतो, प्रवचनात शोभत नसली तरी. परत आलेल्यांपैकी काहींना हृदयाचं दुखणं आहे, एकांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जावं लागतं. इथून अकोला किंवा अमरावती गाठायची म्हणजे तास-दीड तास. रात्री-अपरात्री तेवढा वेळ फार असतो. मुलं पुण्याहून बोलावतात आणि हे म्हणतात, "महाराजांच्या पायाशी देह पडू दे." देह पडायचा तेव्हा पडेल. पण हट्टाने औषधाची वाट लांब करणं म्हणजे शरणागती, असं गुरुचरित्रात कुठे लिहिलेलं नाही. पोटशूळाने जीव द्यायला निघालेल्या ब्राह्मणाला श्रीगुरूंनी आधी अडवलं आणि पोटभर जेवायला घालायला लावलं. ज्याची प्रकृती मागते त्याने मुलाकडे जावं, औदुंबराचं रोप कुंडीत लावावं, गुरुवार करावा. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर कारभार बघत दत्तभक्ती करत होते, हे आठवावं.

आता मला ज्याबद्दल मुख्यत्वे बोलायचं आहे ते. आपण सगळे एकच प्रश्न घोळवतो : मला तिथलं काय आठवतं? श्रीगुरूंच्या जाण्याकडे बघितलं तर दुसरा प्रश्न दिसतो : तिथे माझं काय राहिलं?

औदुंबरला श्रीगुरू एक चातुर्मास राहिले, तिथे विमल पादुका राहिल्या. नरसोबाच्या वाडीला बारा वर्षं, तिथे मनोहर पादुका. गाणगापूरला वीसाहून अधिक वर्षं, तिथे निर्गुण पादुका. वाडीहून निघताना चौसष्ट योगिनी अडवायला आल्या, त्यांना सांगितलं की इथल्या औदुंबरात मी आहेच. गाणगापूरकर रडले, त्यांनाही सांगितलं की सकाळी संगमावर स्नान आणि माध्यान्ही गावात भिक्षा माझी चुकणार नाही. म्हणून आजही तिथे दुपारी माधुकरी मागतात, न जाणो कोणत्या हाताने तो घास मागेल. जिथून गेले तिथल्या लोकांना रिकामं केलं नाही.

आपण पस्तीस वर्षं एका शहराचं पाणी प्यायलो. टेकडीवरचा तो बिननावाचा माणूस आता एकटाच चढत असेल. त्याला आपण गाव सोडतोय हे सांगितलं होतं का? घरकाम करणाऱ्या मावशींना शेवटचा पगार दिला, पण त्यांच्या मुलीच्या परीक्षेचं पुढे विचारलं का? आपल्याला ज्यांची आठवण येते ती माणसं आहेत, आणि माणसांना आठवण कळवता येते. फोन आहे. मला त्या टेकडीवाल्या गृहस्थांनी सांगितलं, "बुवा, नंबरच नाही माझ्याकडं." मी म्हटलं, मग जाऊन या. ती टेकडी आहे तिथेच आहे, वेळही तुम्हाला पाठ आहे.

ते गेले. सहा वाजता जाऊन बसले. माणूस आला तो काठी घेऊन, पायऱ्यांपर्यंतच. म्हणाला, "काय, आज उशीर?" सव्वा वर्षाचा उशीर होता. नाव विचारून घेतलं, नंबर घेतला, चहा झाला. गृहस्थ परत आले आणि आता कारंज्यात पहाटे उठून आपल्याच वेशीपर्यंत चालत जातात, तिकडून फोन येतो, दोघे दोन गावांत चालतात. करमतं का, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

त्या माउलीच्या यजमानांना मात्र माझं एक सांगणं आहे, आणि अशा सर्वच यजमानांना आहे. उत्सवाचा महाप्रसाद आटोपला की पुण्याच्या ट्रॅव्हल्सचं एक तिकीट काढा. एकच. त्यांना आठ दिवस त्यांच्या भजनी मंडळात राहू द्या, पिशवी घेऊन कोणी न विचारता हिंडू द्या. परतीचं तिकीट त्यांच्या त्या काढतील. तेवढे दिवस स्वयंपाक तुम्ही करा, नाहीतर दुपारी देवळात प्रसादाला या.